मी इंजनाचा नंबर विचारला

मी माझ्या जावेला सांगितलं, तुझा नवरा गेला.

ती अंगणात बसून बियाण्यासाठी शेंगा फोडत होती. दुपारचे बारा वाजून गेले होते. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं आणि मग माझ्याकडं बघितलं. तिला ऐकू आलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. भावजी गेले. हुमनाबादच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरखाली आले. आमचे हे जिवंत आहेत, शुद्ध नाही, बिदरला नेलंय.

ती ओरडली नाही. ओरडल्या त्या शेजारच्या बाया. घटकाभरात अंगण भरलं. शेजारची म्हातारी, जिचा नवरा कधीच गेला होता, ती पुढं आली. अशा वेळी एवढी घाई करत नाहीत, मयत घरी येईपर्यंत थांबतात. पण जीप दारात उभी राहिली होती, आम्हा दोघींना जायचं होतं, आणि म्हातारी म्हणाली की दवाखान्यात परक्या लोकांत कोण करणार, इथं आपल्या माणसांत होऊन जाऊ दे. तिनं ओट्याच्या दगडावर जावेच्या बांगड्या फोडल्या. एका हातात सहा होत्या, दुसऱ्यात पाच. कुंकू पदरानं पुसलं. जाऊ हात मागं ओढत होती. तो हात मी धरून ठेवला होता.

मला हे कसं कळलं होतं, ते आता सांगते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी शाळा होती तेव्हा गावात. कन्नड बोलते, वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरं मला चित्रासारखी ओळखता येतात, एवढंच. आमचं गाव राजेश्वरच्या जवळ. माझा नवरा सरकारी बसच्या डेपोत मिस्त्री होता, दीर शेती बघायचा. लिहिताना मी दोघांना एकेरी लिहिते, तोंडावर कधी बोलले नाही. दोघांत दोन वर्षांचं अंतर. दोघं उंच, वाळके, डोक्यावर केस नाहीत, पांढऱ्या मिशा. पाठमोरे उभे राहिले तर मलाही क्षणभर थांबावं लागायचं. त्यात सासूनं लावलेली एक रीत होती. दिवाळीला कापड आणायचं ते एकाच ताग्याचं, आणि दोघा भावांचे सदरे एकाच शिंप्याकडं टाकायचे, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटायला नको. सासू मेली तरी रीत राहिली. दोघांत फोनही एकच होता. ज्याच्या हातात पिशवी त्याच्याकडं फोन.

नवरा नोकरीतून सुटला आणि घरात बसून त्याला काही सुचेना. एकदा निंबर्ग्याला मुलीच्या घरी गेलो होतो. तिथं शेजाऱ्याच्या म्हशीच्या गोठ्यात एक लहान मोटरसायकल भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. नवऱ्यानं पेंढ्या काढल्या आणि खाली बसला. बराच वेळ बसला. मग मला म्हणाला, हिची किक डाव्या बाजूला आहे. मी म्हणाले, मग असू दे. तो म्हणाला, गिअर उजव्या पायाला आहे. आपल्याकडच्या गाड्यांचं उलटं असतं. इंग्लंडच्या जुन्या गाडीचा गिअरही उजवीकडं असतो, पण तिच्या नटांना वेगळे पाने लागतात. हिला आपलेच दहा आणि चौदाचे बसले.

ती इटलीची होती. इकडं शहाबादच्या बाजूला दगडाच्या आणि सिमेंटच्या कामावर फार पूर्वी परदेशी साहेब येऊन राहिले होते, असं म्हातारे सांगत. जाताना त्यांनी आपल्या गाड्या इथंच टाकल्या. त्या मग कंपाउंडरकडं, शिंप्याकडं, दूधवाल्याकडं गेल्या आणि बंद पडल्या. बंद पडल्यावर कुणालाच ठाऊक राहिलं नाही की त्या कुठल्या. एकच सिलिंडर, छोटं इंजन, हातभर टाकी. लोक म्हणायचे, जुनी फटफटी आहे कुठलीतरी.

दोघं भाऊ त्या शोधत हिंडायला लागले. बारा-पंधरा वर्षांत पाच गाड्या झाल्या. एक चिटगुप्प्याच्या भंगारवाल्याकडं होती, नुसतं इंजन आणि चेसिस, चाकं नाहीत. एक आळंदच्या बाजूला विहिरीवर मोटार म्हणून जोडलेली होती, पट्ट्यावर पाणी ओढत होती. लोक भलत्या गाड्याही दाखवायचे. इटलीची आहे म्हणून सांगायचे आणि आपल्याकडचीच जुनी लूना निघायची. दीर एकदा अशा माणसाला म्हणाला होता, "मामा, ही इटलीची असंल तर म्याबी इटलीचाच हाय." तो माणूस पुढं वर्षभर त्याला इटलीवाला म्हणून हाक मारायचा.

मी त्यात कशी आले ते असं. गाडी ओळखायची तर तिचा नंबर लागतो. एक नंबर इंजनावर ठोकलेला असतो, एक चेसिसवर, हँडलच्या खाली. इंजनावरचा दिसतो. चेसिसवरचा दिसत नाही, कारण इकडं खंडेनवमीला गाडीची पूजा करतात आणि पूजेच्या आधी कित्येक लोक तिला रंगाचा एक हात मारतात. दरवर्षी एक हात. तीस खंडेनवम्या झालेल्या गाडीवर रंगाचं साल चढलेलं असतं, बोटाच्या नखाएवढं जाड. नवरा ते कानसीनं घासायला निघाला. मी म्हणाले, कानस लावलीत तर नंबरही जाईल. मी थिनरमध्ये चिंधी भिजवून त्या जागी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी रंग ओल्या भाकरीसारखा फुगला. मग सुईनं एकेक थर उचलला. हिरवा, काळा, निळा, पुन्हा काळा, तळाला लाल. त्या लालच्या खाली आकडे निघाले. इंजनाचं ॲल्युमिनियम मी चिंचेनं घासायची, देवाची भांडी घासतात तसं. त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही हे मी त्या दोघांना शिकवलं.

नंबर उघडा झाला की त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्शील आडवी करून घासायची. आकडे कागदावर पांढरे उमटतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना कचेरीत असाच छाप मागतात, तिथून ते मला माहीत होतं. माझा हात हलका होता. भाऊ घासायचे तर कागद फाटायचा. म्हणून छाप घ्यायचं काम माझं झालं. प्रत्येक गाडीचे दोन छाप, एक इंजनाचा, एक चेसिसचा, मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मागं मराठीत लिहायची, गाडी कुणाची, कुठून आली.

पाचांतल्या दोन सारख्या होत्या. दोन्ही लाल, दोन्हीची टाकी गुडघ्यापाशी आत दबलेली, दोन्हीच्या नंबराच्या पाट्या कधीच गळून गेलेल्या. एक नवऱ्यानं घेतली, एक दिरानं. पण नवऱ्याची गाडी चढाला दम टाकायची. दिराची पळायची. दीर पुढं जाऊन चिंचेखाली थांबायचा आणि हा आला की म्हणायचा, "अण्णा, चहा थंड झाला की." नवऱ्यानं कार्बोरेटर तीनदा उघडला, वॉल्व घासले, काही फरक पडला नाही. तो बसचा मिस्त्री होता, एका लहान गाडीनं त्याला हरवलं होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. जेवताना बोलायचा नाही.

उत्तर मला सापडलं. त्यात हुशारी काही नव्हती. एका उन्हाळ्यात मी डबा उघडून कागद बदलत होते, कारण कसर लागली होती. नवऱ्याच्या गाडीचे दोन्ही छाप शेजारी ठेवले. चेसिसचा नंबर सुरू होत होता एकशेपंच्याहत्तरनं. इंजनाचा एकशेपंचवीसनं. दिराच्या गाडीचे ठेवले. तिथं उलटं. चेसिस एकशेपंचवीस, इंजन एकशेपंच्याहत्तर. एवढे दिवस दोन्ही कागद माझ्याच डब्यात होते. पुण्याचे एक गृहस्थ या गाड्या बघायला एकदा येऊन गेले होते, त्यांच्याजवळ चित्रांचं पुस्तक होतं. मी दिराकडून त्यांना फोन लावला. ते म्हणाले, बाई, सुरुवातीचे तीन आकडे म्हणजे इंजनाचा आकार. तुमच्या दोन गाड्यांत एकमेकींचं इंजन आहे. कुणा मिस्त्रीनं दोन्ही एकदम उघडल्या असतील आणि जोडताना चुकला असेल. जिथली तिथं बसवली तर दोन्ही अस्सल होतील.

नवरा ऐकून हसला. लग्नानंतर मी त्याला एवढं हसताना फार कमी वेळा पाहिलं. मोठं इंजन त्याच्या गाडीचं होतं आणि धाकटा भाऊ इतकी वर्षं त्यावर बसून त्याला हिणवत होता. दीर म्हणाला, ऊस गेला की बदलू. त्यावर ती गोष्ट थांबली. मला वाटलं, थांबली.

पौषात मी मुलीकडं निंबर्ग्याला चार दिवस गेले होते. परत आले तेव्हा दिवस मावळत होता. गाड्यांवर जुनी धोतरं टाकलेली होती, मी उचलून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी चिटगुप्प्याला एका शाळेच्या मैदानावर लोक जुन्या गाड्या, जुनी अवजारं मांडणार होते. हे दोघं आपल्या दोन लाल गाड्या घेऊन जाणार हे ठरलेलंच होतं. सकाळी मी भाकरी बांधून दिली. दिवाळीचेच सदरे दोघांनी घातले. निघताना नवरा म्हणाला, "कागद-पेन्शील काढून ठेव. आल्यावर छाप घ्यायचाय." मला वाटलं, चिटगुप्प्यात आणखी एक गाडी कुणीतरी सांगितली असेल. मी कागद काढून डब्यावर ठेवला. पेन्शिलीला टोक केलं.

फोन आला तो त्यांच्याच फोनवरून, म्हणून मी उचलताच म्हणाले, पोचलात का. पलीकडं पोलीस होता, कन्नडमध्ये बोलत होता. ट्रॅक्टर शेतातल्या रस्त्यानं एकदम वर आला, उसाची ट्रॉली होती, दोन मोटरसायकली. एक माणूस जागेवर गेला. दुसऱ्याला लोकांनी गाडीत घालून बिदरला नेलं, तो बोलत नाही. फोन रस्त्यावर पिशवीत सापडला.

मी विचारलं, गेलेला कसा दिसतो. तो म्हणाला, म्हातारा आहे, उंच आहे, पांढऱ्या मिशा, रेघांचा सदरा. मी म्हणाले, दोघं तसेच आहेत. तो म्हणाला, तोंड बघून कळणार नाही अम्मा.

मग मी म्हणाले, त्याच्यापाशी जी गाडी पडलीय, तिच्या इंजनावर डाव्या अंगाला नंबर ठोकलाय. त्यातले पहिले तीन आकडे वाचा.

त्याला वाटलं असेल, बाई भ्रमलीय. माणूस मेलाय आणि तुम्ही इंजनाचा नंबर काय विचारता, असं म्हणाला. मी म्हणाले, वाचा. तो गेला, कुणाला तरी गाडी उचलायला सांगितलं, ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं. मग त्यानं वाचलं. एकशेपंच्याहत्तर.

एकशेपंच्याहत्तर म्हणजे दिराची गाडी. मी डबा उघडूनही बघितला, खात्रीसाठी. मागं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. मग बाहेर अंगणात गेले आणि जावेला सांगितलं.

जीपमध्ये पुढं ड्रायव्हर, गावातलाच, आणि मागं आम्ही दोघी. गावातली माणसं दुसऱ्या गाडीनं आधीच हुमनाबादला गेली होती. ठरलं होतं ते असं, जावेला हुमनाबादच्या दवाखान्यात सोडायचं, मयत तिथं होतं, आणि मी तशीच बिदरला जायचं. जाऊ खिडकीतून बाहेर बघत होती. मनगटावर काच लागून रक्त आलं होतं, ते वाळलं होतं. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते खरं लिहायचं तर, माझा नवरा वाचला हे होतं. तिच्या शेजारी बसून मी ते मनात धरलं होतं.

महामार्गाला लागल्यावर ती बोलली. माझ्याकडं न बघता बोलली. "परवा दोघंबी किती खुशीत होते, अक्का. दिवसभर इंजनं खाली काढून बसले होते. जेवायला बोलवलं तर येईनात. म्या तिथंच चहा नेऊन दिला."

मी विचारलं, कुठली इंजनं.

"लाल गाड्यांची. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला बसवायलाव म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणाले, अक्का आल्या की छापावर कळंल म्हणाले."

जीप चालत होती. डाव्या हाताला उसाचं रान होतं, मग ढाबा, मग पुन्हा रान. मी ड्रायव्हरला किती वेळ लागेल ते विचारलं. त्यानं सांगितलं. मी तिला काही सांगितलं नाही. इंजनं काढली म्हणजे बसवलीच असतील असं नाही, पुन्हा होती तशीच जोडली असतील, असं मी स्वतःला म्हणत होते. पण मला माहीत होतं. कागद-पेन्शील काढून ठेव म्हणाला होता तो.

हुमनाबादला मी तिला म्हणाले, तू जीपमध्येच थांब, आधी मी बघते. ती थांबली. तिला वाटलं मी थोरली म्हणून पुढं होतेय. आत एका स्ट्रेचरवर चादर टाकलेली होती. गावातला एक जण म्हणाला, काकू, तोंड बघू नका. मी म्हणाले, मला तोंड बघायचं नाही. मी डाव्या बाजूची चादर उचलली आणि हात बाहेर घेतला. करंगळीचं टोक नव्हतं. डेपोत असताना पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं, आमच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या आधी. पन्नास वर्षं त्या हाताला मी ताट वाढलं. पोलिसाला एवढंच म्हणायचं होतं, डावी करंगळी बघा. ते मला सुचलं नाही.

मी हात चादरीखाली ठेवला, चादर नीट केली आणि बाहेर आले. जीपचं दार उघडून तिला सांगितलं, "तुझा न्हाई. माझा हाय."

तिनं आपल्या मनगटाकडं बघितलं. मग मला म्हणाली, "मग माझ्या बांगड्या?"



मयत मिळायला संध्याकाळ होईल असं तिथले लोक म्हणाले. माणसं बसली होती. मी तिथं बसून काय करणार होते. तिला एकटीला बिदरला पाठवण्यात अर्थ नव्हता, तिला दवाखान्यात कुणाशी काय बोलायचं ते कळलं नसतं. मी पुन्हा जीपमध्ये बसले. ड्रायव्हरला म्हणाले, चल. वाटेत एका ठिकाणी फाटक बंद होतं, तिथं ड्रायव्हर खाली उतरून पाणी प्याला. त्यानं आम्हालाही बाटली दिली. मी प्याले. तहान लागली होती.

दिराच्या मांडीचं हाड मोडलं होतं, बरगड्या मोडल्या होत्या, डोक्याला टाके होते. आम्ही गेलो तेव्हा त्याला थोडी शुद्ध येत होती. जाऊ खाटेच्या एका बाजूला उभी राहिली, मी दुसऱ्या. त्यानं डोळे उघडले. आधी तिचं कपाळ बघितलं, मग तिचे हात. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात बांगड्या तशाच होत्या, कपाळाला कुंकू होतं. ते काढायचं कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मला आठवलं नव्हतं. त्यानं पुन्हा तिच्याकडं बघितलं आणि तिला विचारलं, "म्या मेलोय का गं?"

तिला हसू आलं. तोंडावर पदर धरून ती हसली, थांबता येईना. बाजूच्या खाटेवरची बाई बघायला लागली. मी म्हणाले, भावजी, तुम्ही जिवंत आहात. हे गेले. त्यानं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, "अण्णा पुढं होते."

एवढंच म्हणाला. बाकीचं नंतर सांगितलं, महिन्यानं. मोठं इंजन गाडीत आल्यावर नवरा पहिल्यांदाच पुढं निघाला होता. चढावर मागं वळून बघत होता, भाऊ किती मागं राहिला ते. चिंचेखाली थांबायचं सोडून तो तसाच पुढं गेला आणि उताराला ट्रॅक्टर आडवा आला. दीर मागून येऊन त्याच ट्रॉलीवर आदळला. दीर म्हणाला, वैनी, रोज म्याच पुढं असायचो. मी म्हणाले, मला माहीत आहे.

नंबर मी शोधले नसते तर इंजनं होती तिथंच राहिली असती. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

जावेच्या बांगड्यांचा गावात बराच काळ प्रश्न राहिला. जिवंत नवऱ्याच्या बायकोच्या फोडल्या, आता भरायच्या कशा. कुणी म्हणालं, पूजा घाला. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या हातानं भरा. दीर प्लास्टरमध्ये पडून होता. ती चौदाव्या दिवसानंतर एकटीच राजेश्वरच्या बाजाराला गेली, कासाराच्या पुढं बसली आणि भरून आली. एका हातात सहा, दुसऱ्यात पाच. पाच का, मी विचारलं नाही. फोडणाऱ्या म्हातारीनं तिच्याकडं बघून तोंड फिरवलं. जाऊ तिच्या दारावरून मुद्दाम हात हलवत गेली.

माझ्याशी ती चार महिने कामापुरतं बोलली. मग एकदा मिरच्या निवडताना, मान वर न करता म्हणाली, "अक्का, तुम्ही इंजनाचा नंबर इचारलाव. माणसाचा हात कामून न्हाई इचारलाव?"

मी म्हणाले, नंबर मला येत होते.

तिनं मान हलवली. त्यानंतर ती पहिल्यासारखी बोलायला लागली. म्हणजे पहिल्यासारखी टोचून.

पोलिसांच्या आवारात नवऱ्याची गाडी सहा महिने उभी होती. सोडवायला मी आणि गावातला जीपवाला गेलो. पुढचं चाक दुमडलं होतं, टाकी चेपली होती, पण इंजन आणि चेसिस शाबूत होती. जीपवाला कागदावर सही करायला आत गेला. मी पिशवीतून कागद आणि पेन्शील काढली, तीच, टोक केलेली, आणि खाली बसून दोन्ही छाप घेतले. एकशेपंच्याहत्तर आणि एकशेपंच्याहत्तर. गाडी अस्सल झाली होती. मागं नवऱ्याचं नाव लिहिलं आणि ते डब्यात ठेवले. जुने काढून टाकले नाहीत.

दीर आता काठी घेऊन चालतो. गाडीवर बसत नाही. संध्याकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो, जाऊ तिथंच चहा आणून देते. अजून लोक जुन्या गाड्या दाखवायला येतात. तो किक कुठल्या बाजूला आहे ते बघतो आणि मला हाक मारतो. मी चिंधी आणि थिनर घेऊन जाते.

त्या दिवशी रस्त्यावर दोघं भाऊ होते. थोरला माझा नवरा, तो जागेवर गेला. जगला तो माझा दीर.